सुलभकाकडून अपेक्षा

'सुलभक' हा शब्द मराठीत आता चांगला रुळला आहे. शिक्षकांची प्रशिक्षणे, बचतगटांच्या कार्यशाळा, स्वयंसेवी संस्थांची शिबिरे, सगळीकडे तो भेटतो. जो शिकवत नाही, शिकणे सोपे करून देतो, तो सुलभक. इंग्रजीतल्या 'फॅसिलिटेटर'ला दिलेला हा प्रतिशब्द. त्यामागची भावना चांगली आहे. समोर बसलेला माणूस प्रौढ आहे, त्याने जग पाहिले आहे, त्याला वरून उपदेश करू नये, त्याच्या शेजारी बसावे. यात वावगे काय आहे, असे कोणीही विचारील.

या लेखात मला त्या शब्दाचा हिशेब तपासायचा आहे. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांना शिकवण्यासाठी विद्यापीठे जे अर्धवेळ आणि कंत्राटी शिक्षक नेमतात, त्यांच्याकडून विद्यापीठाची नेमकी अपेक्षा काय असते? माझे म्हणणे असे आहे की, 'शिक्षकाने मागे राहावे' ही शिक्षणशास्त्रातली एक कल्पना आणि 'शिक्षक स्वस्तात मिळावा' ही व्यवस्थापनाची एक गरज या दोन्ही गोष्टी या एकाच शब्दात बेमालूम मावल्या. आणि प्रौढ विद्यार्थ्याला ज्याची सर्वांत जास्त निकड असते ते काम, म्हणजे त्याने लिहिलेले कोणीतरी नीट वाचून त्याला खरे काय ते सांगणे, कोणाच्याच हिशेबात धरले गेले नाही.

अमेरिकेत अशा शिक्षकाला 'ॲडजंक्ट' म्हणतात. मुळात अर्थ 'जोडलेला'. आपल्याकडे त्याची नावे पुष्कळ आहेत: तासिका तत्त्वावरचा, मानधनावरचा, अभ्यागत, अतिथी. यातले 'अतिथी' हे नाव ज्याने दिले त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. सत्र संपल्यावर पुन्हा बोलावणे येईल की नाही हे या पाहुण्याला ठाऊक नसते आणि चहाही बहुधा पदरच्या पैशाने प्यावा लागतो. अमेरिकेत हा प्रकार आता अपवाद राहिलेला नाही. तिथल्या विद्यापीठीय प्राध्यापकांच्या संघटनेने, म्हणजे एएयूपीने, दिलेल्या आकड्यांनुसार 1987 मध्ये सुमारे 47 टक्के अध्यापक कायमपणाच्या वाटेबाहेरच्या नेमणुकांवर होते. 2021 मध्ये हे प्रमाण सुमारे 68 टक्क्यांवर गेले. हा बदल सर्व प्रकारच्या महाविद्यालयांत झाला. परंतु प्रौढ विद्यार्थ्यांच्या शिक्षणात तो सर्वांत आधी आणि सर्वांत उघडपणे झाला, आणि त्याला तत्त्वज्ञानाची बैठकही तिथेच मिळाली. म्हणून मी उदाहरण घेतो ते युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सचे.

*

या विद्यापीठाचे संस्थापक जॉन स्पर्लिंग यांचा जन्म 1921 सालचा, मिसुरी राज्यातल्या एका अतिशय गरीब कुटुंबातला. तरुणपणी व्यापारी जहाजांवर नोकरी, तिथेच वाचनाची खरी गोडी, मग रीड कॉलेज, बर्कली, आणि शेवटी केंब्रिजची आर्थिक इतिहासातली डॉक्टरेट. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट या महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी काय केले, तर प्राध्यापकांची संघटना बांधली, तिचे नेतृत्व केले आणि संपही घडवून आणला. शिक्षकांच्या हक्कांसाठी लढलेल्या या माणसाने पुढे जे विद्यापीठ काढले, त्यात कायमस्वरूपी प्राध्यापकपद नावाची गोष्टच नव्हती.

याला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते तितके सोपे वाटत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी अनुदानाच्या एका प्रकल्पात स्पर्लिंग पोलीस आणि शाळाशिक्षक यांचे वर्ग घेत होते. विषय होता बालगुन्हेगारी. वर्गातली ही मोठी माणसे शिकायला अतिशय उत्सुक होती, त्यांना पदवी हवी होती, आणि दिवसा भरणाऱ्या विद्यापीठांना त्यांच्यात काडीचाही रस नव्हता. स्पर्लिंगनी आधी आपल्याच संस्थेचे दार ठोठावले. तिथे दाद लागली नाही, तेव्हा 1974 मध्ये त्यांनी वेगळी संस्था काढली आणि युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या आधाराने वर्ग सुरू केले. कॅलिफोर्नियातल्या मान्यता देणाऱ्या यंत्रणेशी खटके उडाले, म्हणून बिऱ्हाड ॲरिझोनात हलवले. 1976 मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स स्थापन झाले आणि 1978 मध्ये त्याला मान्यता मिळाली. 'रिबेल विथ अ कॉज' या 2000 साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच त्यांचा सूर कळतो. प्रस्थापित प्राध्यापकवर्गाने प्रौढांना वाऱ्यावर सोडले, या त्यांच्या आरोपात तथ्य होते, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

त्यांनी बसवलेली घडी अशी होती. वर्ग संध्याकाळी. आठवड्यातून एकदा, सलग चार तास. एका वेळी एकच विषय, पाच किंवा सहा आठवड्यांत पुरा. मधल्या दिवसांत विद्यार्थ्यांनी छोट्या गटांत एकत्र येऊन काम करायचे. अभ्यासक्रम मुख्यालयात तयार होणार आणि सगळीकडे तोच चालणार. शिकवणारे कोण, तर त्या त्या क्षेत्रात दिवसा प्रत्यक्ष नोकरी करणारे लोक. विद्यापीठाच्या भाषेत 'प्रॅक्टिशनर फॅकल्टी'. दिवसा कंपनीचे हिशेब पाहणारा माणूस संध्याकाळी हिशेबशास्त्र शिकवणार. नव्वद टक्क्यांहून अधिक अध्यापक अर्धवेळ. त्यांना मोबदला विषयामागे ठरावीक रकमेचा.

2010 च्या सुमारास या विद्यापीठाची पटसंख्या 4 लाख 70 हजारांच्या आसपास पोचली होती. पुढे ती घसरली. विद्यार्थी गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रवेशांच्या संख्येवर मोबदला दिला जातो, या आरोपावरून चाललेला खटला 2009 मध्ये कोट्यवधी डॉलर मोजून मिटवावा लागला. 2019 मध्ये मोठमोठ्या कंपन्यांशी भागीदारी असल्याचा आभास निर्माण करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणी अमेरिकी व्यापार आयोगाशी 19 कोटी 10 लाख डॉलरची तडजोड झाली. या भानगडींवर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहे. माझा विषय तो नाही. उद्या एखाद्या संस्थेने अगदी स्वच्छ व्यवहाराने हीच घडी चालवली, तरी जो प्रश्न उरतो, तो माझा विषय आहे.

*

स्पर्लिंगच्या घडीला तत्त्वज्ञान पुरवले ते त्या काळच्या प्रौढशिक्षणशास्त्राने. माल्कम नोल्स हे त्यातले मोठे नाव. मुलांना शिकवण्याचे शास्त्र ते 'पेडॅगॉजी', प्रौढांना शिकण्यास मदत करण्याचे शास्त्र ते 'अँड्रॅगॉजी', अशी मांडणी त्यांनी केली. शब्द त्यांचा नव्हे. अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकाने तो 1833 मध्येच वापरला होता. नोल्सनी त्याला अमेरिकेत प्रतिष्ठा दिली. प्रौढ माणूस स्वतःची दिशा स्वतः ठरवू पाहतो. त्याच्यापाशी अनुभवाचा साठा असतो. जे शिकायचे ते त्याला उद्या कामात वापरायचे असते. म्हणून शिक्षकाने व्याख्याता न होता सुलभक व्हावे, असा हा विचार आहे.

नोल्स स्वतः भाबडे नव्हते. 1970 च्या त्यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात अँड्रॅगॉजी आणि पेडॅगॉजी एकमेकींच्या विरोधात उभ्या होत्या. 1980 च्या आवृत्तीत ते उपशीर्षक बदलून पेडॅगॉजीकडून अँड्रॅगॉजीकडे जाणारा प्रवास सुचवणारे झाले. हा बदल लहान दिसतो, पण माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. स्वयंदिग्दर्शित होणे ही प्रौढाची जन्मजात अवस्था नाही, तो एक पल्ला आहे, आणि तो गाठेपर्यंत कोणीतरी सोबत चालावे लागते, एवढे त्यातून निघते. बाहेर घर, धंदा, संघटना समर्थपणे चालवणारा माणूस वर्गात आला की हाताची घडी घालून 'शिकवा आता' म्हणून बसतो, हे नोल्सनीही नोंदवले आहे.

व्यवस्थापनाने उचलले ते उपशीर्षकातल्या बदलाच्या आधीचे नोल्स. प्रौढ विद्यार्थी स्वयंदिग्दर्शित आहेच असे गृहीत धरले की बरेच काही परवडू लागते. तो आपला आपण वाचील, म्हणजे तास कमी केले तरी चालतात. तो गटात सहाध्यायांकडून शिकेल, म्हणजे शिक्षक नसलेला वेळही शिकण्याचाच धरता येतो. शिक्षक ज्ञानाचा अधिकारी नाहीच, म्हणजे अभ्यासक्रम, पुस्तक, प्रश्नपत्रिका यांत त्याचे मत घ्यायचे कारण नाही. आणि तो नुसताच सोय करून देणारा असेल, तर उद्या त्याच्या जागी दुसरा आला म्हणून काय बिघडले? एका सभ्य, लोकशाहीवादी विचाराचा एवढा फायदेशीर उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

*

आता अपेक्षांकडे वळू. अशा विद्यापीठांच्या अध्यापक-पुस्तिका वाचल्या की त्यांचा एक ठरावीक घाट लक्षात येतो. पहिल्यांदा एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. फिनिक्समध्ये नवा शिक्षक थेट वर्गात सोडला जात नसे. पदव्युत्तर पदवी आणि क्षेत्रातला अनुभव पाहायचा, मग चाचणी, मग काही आठवड्यांचे प्रशिक्षण, आणि पहिला वर्ग अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली. नेट-सेट झालेल्या किंवा नुसत्याच एम.ए. झालेल्या मुलाला आपल्याकडे जुलैत खडू देऊन वर्गावर पाठवतात, त्याच्याशी ताडून पाहिले तर हे कौतुकास्पदच आहे.

त्यानंतर अपेक्षांची यादी सुरू होते. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला एक-दोन दिवसांत उत्तर द्यावे. ऑनलाइन वर्गात आठवड्यातले बहुतेक दिवस उपस्थिती दिसावी. स्वाध्याय पुढच्या आठवड्याच्या आत तपासून परत करावा, त्यावर विद्यार्थ्याला उपयोगी पडेल असा अभिप्राय असावा. विद्यार्थ्यांच्या अनुभवांचा आदर करावा, चर्चेत त्यांना जागा द्यावी. व्याख्यान कमीत कमी. दिलेला अभ्यासक्रम आणि दिलेला गुणदानाचा तक्ता बदलू नये. घरच्या-नोकरीच्या अडचणी समजून घ्याव्यात, मात्र दर्जा टिकवावा.

एकेक वाक्य घेतले तर कशालाच हरकत घेता येत नाही. एकत्र वाचले की दोन गोष्टी दिसतात. एक, यातल्या काही अपेक्षा यंत्राला मोजता येतात: किती वेळा लॉगिन केले, किती तासांत उत्तर दिले, गुण कोणत्या तारखेला चढवले. बाकीच्या मोजता येत नाहीत: विद्यार्थ्याचे लेखन वाचले का, त्याची अडचण नेमकी ओळखली का, दर्जा टिकवला का. ज्याची पुढच्या सत्राची नेमणूक आकड्यांवर ठरते, तो माणूस काय सांभाळील हे सांगायला संशोधक लागत नाही. दुसरे, जबाबदारीची सगळी वाक्ये शिक्षकाची आहेत, आणि निर्णयाचे एकही नाही. दर्जा टिकवायचा त्याने, पण दर्जा कशाला म्हणायचे हे ठरवणारी बैठक मुख्यालयात, त्याच्या गैरहजेरीत.

यात विद्यार्थ्यांच्या अभिप्रायपत्राची भर पडते. सत्राच्या शेवटी विद्यार्थी शिक्षकाला गुण देतात. कायम प्राध्यापकाला ते पत्र वाचून राग येईल किंवा शहाणपण येईल. नोकरी जाणार नाही. अर्धवेळ शिक्षकाला पुढचा वर्ग मिळेल की नाही हे त्यावर अवलंबून असू शकते. फी भरलेल्या, दमून आलेल्या, वयाने कदाचित आपल्याहून मोठ्या असलेल्या विद्यार्थ्याला 'हा निबंध पुन्हा लिहावा लागेल' असे सांगणे मग धाडसाचे होते. प्रौढाचा आदर करा, या सूचनेचा अर्थ हळूहळू 'प्रौढाला दुखवू नका' असा होत जातो. माझ्या मते हा प्रौढाचा मोठा अपमान आहे. लहान मुलाला आपण उत्तेजन म्हणून 'छान' म्हणतो. बाप्यामाणसाला त्याची चूक दाखवून देणे, हे तो ती सुधारू शकतो असे मानण्यासारखे आहे.

*

यात वेळेचा हिशेब नेमका किती, हे एकदा अमेरिकी सरकारला अधिकृतपणे ठरवावे लागले. तो प्रसंग फार बोलका आहे. ओबामा यांच्या काळातल्या आरोग्यविमा कायद्याने आठवड्याला सरासरी 30 तास किंवा अधिक काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला पूर्णवेळ ठरवले आणि मोठ्या संस्थांवर अशा कर्मचाऱ्यांना विमा देऊ करण्याची जबाबदारी टाकली. आता पंचाईत झाली. ॲडजंक्टचे तास मोजायचे कसे? तो तर फक्त वर्गातल्या तासांपुरता नेमलेला. फेब्रुवारी 2014 मध्ये करखात्याने एक वाजवी पद्धत सुचवली: वर्गातल्या प्रत्येक तासामागे एकूण सव्वादोन तास धरावेत. म्हणजे एक तास वर्गाचा, सव्वा तास तयारी आणि तपासणीचा. विद्यार्थ्यांना भेटण्याचे किंवा बैठकांचे सक्तीचे तास असतील तर ते वेगळे.

हा हिशेब फिनिक्ससारख्या वर्गाला लावून पाहू. आठवड्याला चार तासांचा वर्ग, म्हणजे सरकारी सूत्राने नऊ तास. वर्गाबाहेरचे पाच. समजा वर्गात 20 विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाने आठवड्याला एक स्वाध्याय दिला. एक स्वाध्याय वाचून त्यावर दोन कामाची वाक्ये लिहायला 20 मिनिटे धरू. हे काही चैनीचे माप नाही. 20 गुणिले 20, म्हणजे 400 मिनिटे, म्हणजे 6 तास 40 मिनिटे. नुसत्या वाचनातच पाच तास संपून वर 1 तास 40 मिनिटे उसनी झाली. तयारी, विद्यार्थ्यांची पत्रे, गुण चढवणे, हे सगळे अजून बाकीच आहे. पाच तासांतच बसवायचे तर एका स्वाध्यायाला 15 मिनिटे मिळतात आणि बाकी कशालाच काही मिळत नाही. तयारीला दोन तास द्यावेत म्हटले तर स्वाध्यायाला 9 मिनिटे उरतात.

आणि एवढे करूनही त्या सूत्राचा उपयोग कसा झाला? 13 तासांच्या वर्गाचे सव्वादोनपट केले तर 29 तास 15 मिनिटे होतात. म्हणजे पूर्णवेळेची रेघ ओलांडू न देता शिक्षकाला किती तास द्यायचे, याचा कोष्टकासारखा आधार संस्थांना मिळाला. ॲडजंक्टचे तास कमी करण्याचा सपाटा अनेक महाविद्यालयांनी त्याआधीच, कायद्याची चाहूल लागताच, सुरू केला होता.

सरकारचा आणखी एका बाजूने या प्रश्नाशी संबंध आला. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला सरकारी मदत हवी, तर शिक्षकाशी त्याचा 'नियमित आणि भरीव' संवाद असला पाहिजे असा अमेरिकेत दंडक आहे. तो नसेल तर ते जुने पोस्टाने शिकणे धरले जाते. 2017 मध्ये वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी या मोठ्या ऑनलाइन विद्यापीठावर शिक्षणखात्याच्याच महानिरीक्षकांनी ठपका ठेवला. तिथे मार्गदर्शक वेगळा, विषयशिक्षक वेगळा, उत्तरे तपासणारा आणखी वेगळा. मग यात 'शिक्षकाशी संवाद' कुठे आहे? 71 कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत घ्यावी अशी शिफारस झाली. 2019 मध्ये खात्याने ती मानली नाही. त्यानंतर 2021 पासून लागू झालेल्या नियमांत 'भरीव' या शब्दाची व्याख्या आली. प्रत्यक्ष शिकवणे, विद्यार्थ्याच्या कामाचे मूल्यमापन करणे किंवा त्यावर अभिप्राय देणे, प्रश्नांना उत्तरे देणे, गटचर्चा चालवणे, किंवा मान्यता देणाऱ्या यंत्रणेने मानलेले अन्य काही, या पाचांपैकी किमान दोन.

या पाचांतल्या कोणत्याही दोन. म्हणजे गटचर्चा चालवली आणि प्रश्नांना उत्तरे दिली की भागले. विद्यार्थ्याच्या लेखनावर एक अक्षर न लिहिताही संवाद कायद्याने भरीव ठरू शकतो. सुलभकाला इतकी सुलभ व्याख्या दुसरी मिळाली नसती.

*

याला दुसरा रस्ता नव्हता का? होता, आणि फिनिक्सच्याही आधी तो आखला गेला होता. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला 1969 मध्ये सनद मिळाली आणि जानेवारी 1971 मध्ये सुमारे 25 हजार विद्यार्थ्यांनिशी तिचे शिक्षण सुरू झाले. लोकांच्या लक्षात राहिली ती बीबीसीवरची आडवेळेची व्याख्याने. प्रत्यक्ष शिकवण्याचा कणा मात्र पोस्टाने चालणारा होता. विद्यार्थ्याने स्वाध्याय लिहायचा, त्याच्या भागातल्या अर्धवेळ शिक्षकाने तो वाचून गुणांबरोबर सविस्तर टिप्पणी करायची. तिथे या तपासणीलाच अध्यापन मानले गेले. नाव पडले 'पत्राद्वारे शिकवणी'. शिक्षकांनी तपासलेल्या स्वाध्यायांचे नमुने काढून ते दुसऱ्या अनुभवी व्यक्तीने पाहायचे, आणि दिलेले गुण योग्य आहेत का याबरोबरच लिहिलेले शेरे शिकवणारे आहेत का, यावर त्या शिक्षकाला कळवायचे, अशी पद्धत होती. म्हणजे जे यंत्राला मोजता येत नाही, ते वाचायला माणूस नेमला होता.

या शिक्षकांचेही हाल झाले नाहीत असे नाही. वर्षानुवर्षे ते मुदतीच्या करारांवर होते. विषय बंद झाला की काम बंद. त्यांच्या संघटनेने दीर्घकाळ वाटाघाटी केल्या आणि ऑगस्ट 2022 पासून चार हजारांहून अधिक अर्धवेळ शिक्षक कायमस्वरूपी करारांवर आले. अर्धवेळ असणे आणि तात्पुरते असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेने सिद्ध केले. माझ्या वाचनात फिनिक्सच्या समर्थकांनी हा भेद कधी केलेला नाही. बाहेर नोकरी करणारा शिक्षक हवा, म्हणून त्याची नेमणूकही कच्चीच हवी, हे कोणत्या न्यायाने?

आपली मुक्त विद्यापीठे घडताना नमुना समोर होता तो या ब्रिटिश विद्यापीठाचा. 1985 मध्ये इग्नू आले, 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. प्रा. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद, आणि बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीतून पदवीची वाट खुली. दिवसा भरणाऱ्या महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे उघडली, तिथल्याच अध्यापकांकडे सुट्टीच्या दिवशीचे वर्ग आले. या अर्धवेळ शिक्षकाला मराठीत नाव मिळाले 'संमंत्रक'. मला हा शब्द 'सुलभक'पेक्षा उजवा वाटतो. त्यात सल्लामसलत आहे, म्हणजे दोन माणसांनी एका गोष्टीकडे मिळून पाहणे आहे. इग्नूच्या दूरशिक्षणविषयक पाठ्यसाहित्यात तर स्वाध्यायावरच्या शेऱ्यांचे वर्गीकरणच सापडते: उभारी देणारे, सुधारणा सुचवणारे, आणि त्यांच्या विरुद्ध दुखावणारे, दिशाभूल करणारे, पोकळ. नुसते 'चांगले' किंवा 'अपुरे' लिहिणे हा पोकळ शेरा. इतकी सूक्ष्म जाण कागदावर होती.

माझे बहुतेक शिक्षण अशाच मार्गांनी झाले. एका अभ्यासकेंद्राने, नाव महत्त्वाचे नाही, माझे चार स्वाध्याय मला परत दिले. चारही मुखपृष्ठांवर लाल शाईत गुण आणि खाली एक तिरकी रेघ होती. आत एकही खूण नव्हती. चाळिशीत लिहायला बसलेल्या माणसाला त्या रेघेतून काहीही कळत नाही. तिचा राग येतो, आणि नंतर आपले लेखन कोणी वाचण्याजोगे नसावे असे वाटू लागते. पुढे त्या केंद्रावर शिकवणाऱ्या एका सरांशी ओळख झाली. रविवारी सकाळी सत्र, दुपारी तपासणी, दिवसा स्वतःच्या महाविद्यालयातही तासिका तत्त्वावर. स्वाध्यायामागे मिळणारे मानधन ऐकले आणि त्या रेघेचा अर्थ लागला.

बावीस वर्षांनी हातात पेन धरणाऱ्या एखाद्या अंगणवाडी सेविकेचा विचार करा. तिला बालविकासाबद्दल जे ठाऊक आहे ते पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यालाही नसेल. चर्चेत ती बोलते, अनुभव सांगते, सुलभकाचे काम सोपे करते. तिची अडचण कागदावर सुरू होते. उत्तराची सुरुवात कुठून करावी, अनुभव पुरावा केव्हा होतो आणि केव्हा नुसता किस्सा राहतो, परिच्छेद कुठे तोडावा, हे तिला कोणी कधी सांगितलेले नाही. गटातल्या मैत्रिणींनाही ते माहीत नाही. ते तिच्या वहीवर वाकून, तिच्या त्या वाक्याखाली रेघ ओढूनच सांगावे लागते.

दरम्यान वारे दुसरीकडून वाहू लागले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही योजना आणली. आपल्या क्षेत्रात किमान 15 वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला औपचारिक पात्रतेविना अध्यापक म्हणून घेता येते. मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत, साधारणतः तीन वर्षे, अपवादात्मक स्थितीत चार. मोबदला उद्योगाकडून, संस्थेच्या निधीतून, किंवा नेमणूक मानद. स्पर्लिंगचा 'प्रॅक्टिशनर' असा आपल्या दारात उभा आहे. सुतार, संपादक, अभियंता, नर्स यांनी विद्यापीठात शिकवावे याच्या मी पूर्ण बाजूचा आहे. स्वतः पदवीच्या जोरावर इथवर आलेलो नाही. पण या माणसाने विद्यार्थ्यांचे लेखन वाचायचे आहे की नाही, वाचायचे असेल तर किती तास, आणि त्या तासांचे कोण देणार, हे नेमणुकीच्या आधी लिहून घ्यायला हवे.

अभ्यासकेंद्रांपुरते बोलायचे तर ओपन युनिव्हर्सिटीची नमुना-तपासणी आपल्याकडे उद्या सुरू करता येईल. प्रत्येक संमंत्रकाने तपासलेल्या शंभर स्वाध्यायांतले पाच काढायचे, दुसऱ्या अनुभवी संमंत्रकाने त्यांवरचे शेरे वाचायचे आणि त्याला दोन ओळी लिहून पाठवायच्या. दोघांनाही या वेळेचे वेगळे मानधन. मी पाहिलेल्या एका केंद्राच्या देयकाच्या नमुन्यात तारीख, सत्राची वेळ, उपस्थित विद्यार्थी, तपासलेल्या स्वाध्यायांची संख्या, दर आणि एकूण असे सहा रकाने होते. सातवा वाढवायला कागदावर जागा आहे.